पिंपळतळ्याच्या मोरीचा मान

पिंपळतळ्याची नंदा शिट्टी वाजवायला लागली की काठावर भेळ खाणाऱ्यांचे हात तोंडापाशी थांबतात. बाई दिसायला काटकुळी, उंची बेताची, पण शिट्टी अशी की पलीकडच्या काठावरची म्हैससुद्धा मान वर करते. रविवारी तळ्यावर गर्दी उसळते. लातूरचे, बार्शीचे, कळंबचे लोक गाड्या भरून येतात. तुळजापूरला दर्शन झालं, आता पोरांना पाणी दाखवू, म्हणून वाट वाकडी करून येणारेही पुष्कळ. त्यांतला कुणी होडीत उभा राहिला, कुणी फोटोसाठी कठड्यावर चढला, की शिट्टी वाजलीच. मग तो कुणाचा भाचा असो की स्वतः फौजदार असो.

"ओ साहेब, खाली बसा! न्हायतर तुमचा फोटू पंचनाम्यातच निघंल."

साहेब बसतात. बायको हसते. नंदा पुढच्या होडीकडं वळते.

आमच्या मराठवाड्याच्या वाट्याला समुद्र आलेला नाही. त्याचं आम्ही फार दुःख करत बसत नाही, पण कुठं हातभर पाणी साठलं की त्याला चौपाटी म्हणायला मात्र विसरत नाही. कळंबहून एसटीनं पाऊण तासावरच्या या गावाला असं पाणी फार जुन्या काळापासून आहे. काळ्या दगडाचा रुंद बांध, बांधाला लागून घडीव पायऱ्यांचा राजघाट, घाटावर महादेवाचं लहानसं देऊळ, आणि घाटापासून थोडं आत, पाण्यात उभे असलेले दोन दगडी खांब. ते खांब म्हणजे जुनी मोरी. खांबांच्या बुडाशी एक शिळा आहे, शिळेला भोक, भोकात लाकडी दट्ट्या. कुणीतरी बुडी मारून दट्ट्या ओढायचा, मग तळ्याचं पाणी बांधाखालून शेतांकडं धावायचं. पुढं सरकारनं दुसरीकडं लोखंडी दार बसवलं, चाक फिरवलं की पाणी सुटायला लागलं, आणि खांब बगळ्यांना बसायला उरले.

अलीकडं तळ्याला बरे दिवस आले. बदकाच्या आकाराच्या होड्या आल्या, भाजक्या कणसांच्या गाड्या आल्या, राजघाटाला लोखंडी गज आणि फाटक आलं. हे सगळं तळे विकास समिती बघते आणि समिती म्हणजे कुलदीप. बब्रुवान पाटलांचा नातू, चाळिशीतला, बोलायला गूळ. गावात दोन खुर्च्या मांडल्या तरी एका खुर्चीवर हा असणारच. नंदा आणि तो शाळेत एका वर्गात होते. समितीनं नंदाला जीवरक्षक म्हणून ठेवली ती मात्र ओळखीनं नव्हे. पंचक्रोशीत तिच्यासारखं पोहणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून.

पण नंदाचं खरं काम रविवारी सकाळी, गर्दी व्हायच्या आधी चालतं. राजघाटावर मुलींचा पोहण्याचा वर्ग.

त्या वर्गामागं एक वाईट गोष्ट आहे. नवरात्राच्या आधी गावातल्या बायका घरातल्या सगळ्या गोधड्या तळ्यावर धुवायला आणतात. एका वर्षी दोघी बहिणी ओली गोधडी पिळताना घसरल्या. घाट बायकांनी भरलेला होता, पण पोहता येणारी एकही नव्हती. नंदा पलीकडच्या काठाला होती, पाणी कापत आली, धाकटीला बाहेर काढली. थोरली हाती लागली नाही. बुडणारं माणूस हाका मारतं असं लोकांना वाटतं. ते हाका मारत नाही, गपचूप जातं. नंदानं ते डोळ्यांनी पाहिलं आणि तेराव्याच्या आतच ती घरोघर फिरली, पोरी पाठवा म्हणून.

लोकांनी आधी नाकं मुरडली. उघड्यावर, भिजलेल्या कपड्यांत, पोरी? पहिल्या रविवारी तिची स्वतःची प्रीती आणि भीमनगरातल्या दोघी, एवढ्याच. नंदानं त्यांच्या पाठीला तेलाचे रिकामे डबे बांधले आणि पाण्यात सोडल्या. तिला तिच्या आज्यानं, कोंडिबानं, असंच शिकवलं होतं. डबा माणसाला तरंगत ठेवतो, हातपाय आपले आपण मारायचे. मग हळूहळू वरच्या आळीतल्याही पोरी आल्या. शेवटी तर कुलदीपची शिवकन्या आली. पहिले काही रविवार ती पायरी सोडायला तयार नव्हती, दोन्ही हातांनी दगड धरून रडायची. आता तीच सगळ्यांच्या पुढं असते.

हे सगळं सुरळीत चाललेलं असताना कुलदीपच्या डोक्यात महोत्सव शिरला.

पुण्याहून कुणी सल्लागार आला होता. तो म्हणाला, होड्या सगळीकडं असतात, तुमच्या गावाची खास गोष्ट काय आहे ती सांगा. कुलदीपनं पाण्यातल्या खांबांकडं पाहिलं आणि त्याला गोष्ट सापडली.

"नंदा, लई भारी डोकं चाललंय बघ," तो घाटावर येऊन म्हणाला. "मोरी उघडायचा जुना सोहळा करायचा. हलगी, संबळ, तुतारी, सगळं. गाळ उपसून मोरी साफ करायला घेतलीय, नवा दट्ट्या बी बसवतोय. तुझ्या आज्याचं नाव बोर्डावर एवढ्या मोठ्या अक्षरात. 'मोरीचा मान, कोंडिबांचं घराणं.' आन् बुडी तू मारायची. बाईमाणूस म्हणल्यावर टीव्हीवाले पळत येत्यात का न्हाय बघ."

"कसला मान?" नंदानं विचारलं.

"मोरीचा. पिढ्यान्‌पिढ्या तुमच्याकडंच व्हता की."

नंदा हसली. "आत्याला सांगते. लई दिवसांत हसली न्हाय ती."

आत्या म्हणजे विठाबाई, कोंडिबाची लेक. सत्तरी कधीच ओलांडली आहे, कान तिखट, जीभ त्याहून तिखट. तिनं ऐकलं आणि ती हसली नाही. शेंगा फोडत होती, त्या बाजूला सारल्या.

"मान म्हणला त्यो?"

"व्हय."

"बब्रुवानाचा नातू?"

"व्हय गं आत्या."

मग आत्यानं ती गोष्ट पुन्हा सांगितली. नंदानं लहानपणापासून ती कितीदा ऐकली असेल, पण काही गोष्टी माहीत असल्या तरी ऐकाव्या लागतात.

त्या काळी वस्तीतल्या, म्हणजे आताच्या भीमनगरातल्या, माणसानं वर्षभर तळ्याला हात लावायचा नाही. सांडव्यावरून वाहून खाली येईल ते पाणी भरायचं, उन्हाळ्यात सांडवा आटला की कुणी वाढेल म्हणून घागर घेऊन बसायचं. राजघाटाच्या पायरीला वस्तीतल्या पोराचा पाय लागला तर घाट धुऊन काढत. विठाबाईनं तो धुताना पाहिलाय, आणि पाय तिचाच होता. पण कार्तिकात शेतांना पाणी सोडायची वेळ आली की त्याच तळ्यात, त्याच घाटासमोर, कोंडिबानं बुडी मारायची. त्या दिवशी पाणी बाटत नव्हतं. कोंडिबाचा एक चुलता ह्याच मोरीत हात अडकून मेला होता. गावानं प्रेत निघेपर्यंत वाट पाहिली आणि दुसऱ्याला उतरवलं. दट्ट्या निघाला की वरून शिळ्या भाकरी टाकत. ह्या सगळ्याला तेव्हा काही नाव नव्हतं, असलंच तर वेठ म्हणत. मान हा शब्द आत्ता, बोर्ड रंगवायच्या वेळी सुचला.

छप्पन सालानंतर वस्तीनं धम्म घेतला आणि गावकीची कामं टाकून दिली. मेलेली ढोरं ओढायची नाहीत, वेशीवर राखणीची येसकरकी करायची नाही, मोरीत उतरायचं नाही. पुढच्या कार्तिकात गावानं निरोप धाडला. कोंडिबानं उलट निरोप दिला, "आमच्यानं पाणी बाटतंय. उगं कशाला बाटवायचं?"

पिकं वाळायला लागली. तेव्हा पाटलाचा तरणाबांड पोरगा, बब्रुवान, मिशीवर हात फिरवत म्हणाला, त्यात काय मोठंसं, आणि त्यानं बुडी मारली. वर आला नाही. गाव घाटावर उभं राहून नुसतं बघत राहिलं. कोंडिबा लांब सांडव्याजवळ उभा होता. त्यानं अंगावरचं सगळं फेकलं, लंगोटीवर उडी घेतली, पोराला केसाला धरून वर काढलं आणि राजघाटाच्या पायऱ्यांवरून खांद्यावर घालून वर नेलं. वस्तीतला माणूस त्या पायऱ्या पहिल्यांदा चढला. बब्रुवानानं पाणी ओकलं, डोळे उघडले, आणि त्याच्या बापाला पहिली गोष्ट काय सुचावी?

"कोंड्या, आता उतरलाच हायस पाण्यात, तर दट्ट्या बी काढून टाक."

कोंडिबा उघड्या अंगानं, निथळत उभा होता.

"माणूस बुडत व्हतं म्हणून उतरलो, पाटील. दट्ट्या काय बुडत न्हाय."

एवढं बोलून तो घरी गेला. गावानं बहिष्कार घातला, दुकानदार मीठ देईना, शेतात कुणी कामाला बोलवीना. अर्धी वस्ती बार्शीला गिरण्यांत गेली. पण मोरीत परत कुणी उतरलं नाही.

"जा," आत्या म्हणाली, "सांग त्याला मान कसला व्हता त्यो."

नंदानं सांगितलं. कुलदीपनं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, वाईट वाटल्यासारखं तोंड केलं आणि म्हणाला, "जुनं उकरून काय मिळायचं? लोकं मजा करायला येत्यात. आपण चांगलं तेवढं दाखवायचं." मग आवाज जरा खाली आणला. "आन् हे बघ, तुझा वर्ग घाटावर चालतोय त्यो समितीच्या परवानगीनंच. मला तसं काय करायचं न्हाय. पण समितीत मी एकटा थोडाच हाय?"

समितीत तो एकटाच होता हे शेंबडं पोरही सांगेल.

त्या दिवशी नंदाच्या घरी जेवताना हाच विषय निघाला. नवरा सुगत कळंब आगारात एसटीवर चालक आहे, शांत माणूस. तो म्हणाला, "एक बुडी तर हाय. मार आन् मोकळी हो. पोरींना कुठं नेशील?" बोलला आणि लगेच आत्याकडं बघून ताटात तोंड घातलं.

खोटं कशाला सांगा, नंदा डगमगली. वर्गातल्या निम्म्या पोरी अजून डब्यावर होत्या. राजघाटाच्या पायऱ्या उथळ उतरत जातात, दुसरीकडं सगळीकडं एकदम खोल आहे, नवशिक्या पोरींना तिथं सोडणं म्हणजे जिवाशी खेळ. घाट गेला की वर्ग गेला. आणि वर्ग गेला की पुढच्या नवरात्रात गोधड्या धुताना काय होईल, हे तिला दिसत होतं. ती बुडी म्हणजे तिच्या हाताचा मळ होता. पण आपण ती मारली, की बोर्डावरचं खरं होणार होतं. त्याच घाटावर बसून तिची प्रीती तो बोर्ड वाचणार होती आणि आपला पणजोबा आनंदानं दट्ट्या काढायचा असं समजणार होती. नंदाच्या अंगाची लाही झाली.

दुसऱ्या दिवशी ती समितीच्या कार्यालयात गेली, बसली नाही.

"कुलदीप, मान लई वर्सं आमच्याकडंच राहिला. ह्या वर्षी तुमच्या घरानं घ्यावा. पवता येत न्हाय असं म्हणू नगंस. मी शिकवते. डबा बांधून."

बाहेर उभे असलेले दोन होडीवाले तोंडात रुमाल कोंबून पळाले.

कुलदीपनं सोलापूरहून बालाजी नावाचा एक पोरगा आणला. पोहण्यात चपळ, शिवाय नाटकांत लहानसहान कामं करणारा. त्यानं कोंडिबा व्हायचं ठरलं. त्याच्यासाठी धोतर आलं, खांद्यावर घोंगडी आली, हातात घुंगराची काठी आली. जिवंतपणी त्या माणसाला धड पंचा मिळाला नाही, आणि आता त्याच्या सोंगाला कडक इस्त्रीचं धोतर! जीवरक्षक असल्याशिवाय महोत्सवाला परवानगी नव्हती, त्यामुळं नंदाला त्या दिवसापुरतं कुणी हात लावला नाही.

महोत्सवाच्या सकाळी ती बालाजीला म्हणाली, "भाऊ, बाकी काय बी सोंग करा, पण धोतर सोडून उतरा. मोरी कापड ओढती. माझा आज्जा लंगोटीवर उतरायचा."

बालाजीनं कुलदीपकडं पाहिलं. "फोटोत काय दिसंल मग?" कुलदीप म्हणाला. "उलीसं तर काम हाय."

घाट फुलून गेला होता. बांधावर गाड्याच गाड्या. पहिल्या रांगेत मधोमध बब्रुवान आबा, पंच्याऐंशीच्या पुढचे, गुलाबी फेटा बांधून, दोन्ही हात काठीवर ठेवून बसलेले. हलगी कडाडली. बालाजीनं घोंगडी झोकात भिरकावली, खांबाजवळ जाऊन हात जोडले आणि बुडी मारली.

नंदा होडीत होती. तिनं स्वतःचा श्वास धरला. ही कोंडिबाची रीत. कुणी बुडी मारली की काठावरच्यानं त्याच्याबरोबर श्वास धरायचा, आणि आपला संपला की विचार न करता उडी घ्यायची. हलगी चढत गेली, लोक टाळ्यांचा ठेका धरू लागले. पाण्यावर बुडबुडे आले, मग तेही थांबले. लोकांना वाटलं, खेळ रंगतोय. नंदाचा श्वास संपला आणि ती पाण्यात होती.

खाली गढूळ होतं. तिला हातांनीच कळलं. दट्ट्या अर्धवट ढिला झाला होता, फटीतून पाणी जोरात आत जात होतं आणि त्या पाण्यानं धोतराचा सोगा आत ओढून नेला होता. बालाजी तडफडत होता. त्याला ओढून उपयोग नव्हता. नंदानं पाठ खांबाला टेकवली आणि दोन्ही टाचांनी दट्ट्या हाणला. एकदा, पुन्हा एकदा. दट्ट्या भोकात घट्ट बसला, पाण्याची ओढ थांबली. तिनं धोतराची गाठ सोडली, पोराला त्यातून मोकळा केला आणि वर ढकलला.

बालाजी वर आला तो चट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर. घाटावर हशा आणि टाळ्या एकदमच फुटल्या. होडीवाल्यांनी त्याला आत घेतला, तो खोकत, ओकत पडून राहिला. जिवंत होता.

आणि तेवढ्यात कुलदीपला माईक आठवला. हा माणूस पाण्यात पडला तरी आधी माईक कोरडा ठेवील.

"मंडळी, बघा योगायोग! साक्षात कोंडिबांची नात, आपल्या नंदाताई, मोरीजवळच आहेत. आता उतरल्याच आहेत पाण्यात, तर घराण्याचा मान त्यांनीच पार पाडावा, अशी मी त्यांना विनंती करतो. टाळ्या!"

टाळ्या पडल्या. "ओढा ताई, ओढा!" लोक ओरडू लागले. ते बिचारे बाहेरगावचे, त्यांना काय ठाऊक. बालाजीनं खाली नेऊन दट्ट्याला बांधलेल्या दोराचं टोक तिच्या हाताजवळच तरंगत होतं. नंदानं ते हातात घेतलं तशी हलगी नव्यानं कडाडली. तिनं पहिल्या रांगेकडं पाहिलं. फेट्याखालचा चेहरा पांढरा पडला होता. आबांना आपल्या बापाचे ते शब्द ओळखू आले होते.

नंदा दोर हातात घेऊन पोहत घाटाला आली, निथळत पायऱ्या चढली आणि दोराचं टोक कुलदीपच्या हातात दिलं. दुसऱ्या हातातला माईक तिनं अलगद काढून घेतला.

"दट्ट्या ढिला झाला व्हता, मी घट्ट बसवून आले. धोतर तिथंच हाय, ज्याला पायजे त्यानं घेऊन यावं." लोक हसले. ती हसली नाही. "माझ्या आज्याचा हा मान न्हवता. ही वेठ व्हती. वरीसभर ह्या पाण्याला शिवू देत न्हवते आन् एक दिवस मरायला आत सोडत व्हते. त्यानं ती टाकून दिली. मोरी उघडणारा म्हणून बोर्डावर त्याचं नाव लिवलंय. ज्यानं मोरी उघडायची सोडली, असं लिवा. मग मी सोता पुसून रोज फुलं वाहीन. ह्यातलं काय खोटं वाटत आसंल तर आबा बसलेत हितं. त्यांना पाण्यातनं कुणी काढलं ते इचारा."

सगळ्या माना आबांकडं वळल्या. आबांनी फेटा सारखा केला. पायांतल्या जोड्यांकडं पाहिलं. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. काही माणसांना एवढं मोठं आयुष्यही पुरत नाही.

नंदानं माईक खुर्चीवर ठेवला, शिट्टी गळ्यात घातली आणि होड्यांकडं गेली. कठड्यावर कुणीतरी चढलं होतं.

नंतर व्हायचं ते झालं. तिचं जीवरक्षकाचं काम गेलं. 'सुरक्षेच्या कारणास्तव' राजघाटावरचा मुलींचा वर्ग बंद करण्यात येत आहे, असं समितीनं स्पीकरवरून गावभर सांगितलं. सुरक्षेच्या कारणास्तव! फाटकाला पितळी कुलूप लागलं. कुलदीपनं घरी शिवकन्येलाही ताकीद दिली, की घाटाकडं फिरकायचं नाही.

रविवारी सकाळी नंदा नेहमीच्या वेळी फाटकापाशी आली. पोरी आल्या होत्या, काहींच्या पाठीला डबे बांधलेले. आयाही आल्या होत्या, लांब उभ्या. कुलदीप फाटकाला टेकून किल्ली बोटात फिरवत होता.

"माझं तुझं वैर न्हाय, नंदा. समितीसमोर चुकलं म्हण. आत्ता उघडतो."

नंदा कुलूप बघत राहिली. मग पोरींकडं वळली.

"डबा कुणाकुणाचा सुटलाय?"

थोरल्या पोरींनी हात वर केले.

"ल्हानग्यांनो, तुमी आज बांधावर बसून बघायचं. तुमची पाळी बी येणार हाय. बाकीच्या चला माझ्यामागं. सांडव्याकडं."

सांडव्यापाशी विठाबाई काठी टेकून आधीच येऊन बसली होती, जिथून तिनं लहानपणी घागरी भरल्या त्याच दगडावर. तिच्याआड आणखी एक पोर दबा धरून बसली होती, ओढणी कमरेला घट्ट बांधून. नंदानं तिच्याकडं पाहिलं, काही विचारलं नाही, सगळ्यात शेवटी ये म्हणून खुणावलं. तिनं एक लांब दोर पाण्यावर सोडला, दमली की धरायचा म्हणून सांगितलं. सुगतची सुट्टी होती. तो ट्रकची फुगवलेली ट्यूब खांद्याला अडकवून बांधावरून त्यांच्याबरोबर चालू लागला.

पोरी बांधाच्या कडेकडेनं पोहत निघाल्या. कुणी घाई केली नाही. नंदा मागं-पुढं फिरत होती, "मान वर नगं, पाय हलीव, श्वास सोड," एवढंच बोलत होती. मोरीच्या खांबांवरचे बगळे उडाले. एक दमली, तिनं दोर धरला, परत सोडला. फाटकाला कुलूप होतं, पाण्याला नव्हतं. एकेक पोर राजघाटाच्या खालच्या पायरीला हात लावत होती आणि धापा टाकत वर चढत होती. लांब बांधावर आया टाळ्या वाजवत होत्या.

कुलदीप गजांच्या बाहेर उभा होता. आधी त्याला कळेचना काय चाललंय ते. मग शेवटची पोर पाण्यातून वर आली, तिनं तोंडावरचे केस मागं सारले, आणि त्याच्या बोटातली किल्ली फिरायची थांबली.

"शिवकन्या! भायेर ये आधी!"

पहिले कित्येक रविवार तिनं रडत धरून ठेवलेली ती पायरी. शिवकन्या तिच्यावर ऐसपैस बसली होती, पाय पाण्यात सोडून.

"कशी येऊ, पप्पा? दाराला कुलूप हाय की."

नंदानं शिट्टी वाजवली.

"चला गं, बसायला न्हाय आलो. उतरा पाण्यात."